ठिपक्याचा पेला

ती. जाईअक्कास,

धाकट्या महेंद्रचा जय भीम. विठ्ठलवाडीला तुझे गुडघे आणि तुझा राग, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून लिहितो. फोनवर हे बोलता येत नाही. आमच्या वर्तकनगरच्या घरात फोन सगळेच ऐकतात.

गेल्या वर्षी माझ्या यकृतातली पाण्याची गाठ काढली, हे तुला ठाऊक आहे. कुत्र्याच्या जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली की अशी गाठ होते. खोपटच्या एसटी डेपोत तीस वर्षं मी कुत्र्यांना बिस्किटं घातली. (मी त्यांना बिस्किटं दिली, त्यांनी मला जंत. कुत्रं उपकार ठेवून घेत नाही.) परवा पुन्हा तपासणी झाली. सोनोग्राफी स्वच्छ, पण रक्तात अँटीबॉडी पॉझिटिव्ह. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, जंत गेलाय. रक्ताला त्याची आठवण राहिलीय, एवढंच. वर्षानुवर्षं राहते. तुमच्यापासून कुणाला काही होत नाही." एवढं सगळं ऐकून मी घरी आलो आणि डेपोतल्या सवयीने, गाडी लागल्याची घोषणा करावी तसा, दारातून एकच शब्द बोललो: पॉझिटिव्ह. (बाकीचं बूट काढून सांगणार होतो.)

चूक माझी. करोनाच्या साली याच शब्दावर आपण सगळ्यांनी दारं लावून घेतली होती. दुसऱ्या बुटाची नाडी सुटेपर्यंत सूनबाईने, प्रियांकाने, माझ्या पेल्याच्या बुडाला नेलपेंटचा लाल ठिपका लावला होता. मग मी उरलेलं सगळं सांगितलं. "पटतंय मला, पप्पा. पण पोरगी लहान आहे ना, रिस्क कशाला?" प्रियांका वाईट नाही. तो पेला ती दोनदा घासते. पालथा मात्र वेगळा घालते.

अण्णांनी आपल्या भांड्यांवर कधी नाव घालू दिलं नाही, तुला आठवत असेल. अख्खी चाळ नावं कोरून घ्यायची, आई रुसायची. अण्णा म्हणायचे, "ज्याच्या हाताला लागेल त्याने प्यावं." गावच्या हॉटेलात त्यांचा कप बाहेर खुंटीला असायचा, कान तुटलेला. असा कप प्रियांकाच्या आजोबांचाही असणार. तिला तो या पेल्यात दिसला नाही. मी दाखवलाही नाही. दाखवला तर ती रडेल, आणि मला चहा हवा आहे.

बाकी सर्व ठीक.

तुझा
महेंद्र

ता. क. काल दुपारी घरात कुणी नव्हतं. मी बाकीच्या सहाही पेल्यांना ठिपके लावले. आता सातही सारखे. दोन ठिपके जास्वंदीएवढे झालेत.

ता. क. पत्राचं खरं कारण: नेलपेंटची बाटली कलंडून संपली. लाल रंग, चौदा नंबर. रविवारी चहाला ये, येताना तशीच एक आण. तिला कळायच्या आत जागेवर ठेवू.

ता. क. कळलं. आत्ताच तिने एकेक पेला उलटून पाहिला. सातव्यापाशी जरा थांबली. मग हाताला लागले ते दोन भरले, एक मला दिला, एक घेऊन समोर बसली. अर्धा चहा प्यायली. शेवटी म्हणाली, "पप्पा, नवी होती हो ती बाटली."

दोन आण.