टाचा बघून आलो

चि. इंदूस दादाचा आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? म्हशीचा ताप उतरला का? तुझी वहिनी अंथरुणावर घास नीट गिळते का? फोनवर तिला ऐकू जाईल, म्हणून लिहितोय.

इथलं आजारी म्हाताऱ्यांचं केंद्र बघितलं. जनावराची निगा खुरावरनं कळते, तसं, विचारून सगळ्यांच्या टाचा बघितल्या. नर्सबाई हसली, "पावणं, काय हुडकताय?" कुठं जखम न्हाय, नखं कापलेली. एका आजीची कूस बदलण्याआधी तिनं हात चोळून ऊन केले.

खोट सापडावी म्हणूनच आलो होतो गं. सापडली न्हाय. आणि माझ्यानं आता तुझ्या वहिनीला उचलवत न्हाय.

इथं ठेवायचं हे तिला सांगायचं कसं, ते मी उतरलोय त्या शाहूपुरीच्या पत्त्यावर लवकर लिही. तोवर घराकडं पाय वळत न्हाय.

तुझा दादा,
गुंडू