बरणी बोलते तोवर

२२ फेब्रुवारी २००६, बुधवार

साखरेच्या डब्यात अख्खं मीठ भरलं! आंटीने त्या मिठाचा चहा प्याला, कप धुतला, म्हणाली, "लव्हली, डार्लिंग." बस. ना शिवी, ना चप्पल. ठाण्याला असतो तर आईने बिल्डिंगभर पळवलं असतं.

रेचलआंटी म्हणजे आईची लांबची मावशी. नवरा गेला, मुलगा साउथहॅम्प्टनला. लंडनच्या इल्फर्डमधल्या या घरात खाली ती, वर भाड्याने मी. आल्या आल्याच सांगून टाकलं होतं तिने, "नो मराठी लेफ्ट इन मी, लिऑर." इतक्या वर्षांत सगळं पुसलं गेलं म्हणे. मग काय, मी पण सुटलो! तोंडावर गोड हसायचं आणि म्हणायचं, "खडूस म्हातारी, हसलीस तर दात पडतील का गं?" ती म्हणते, "थँक यू, डियर."

पहिले दोन दिवस मजा आली. आता नाही येत. समजणारं कोणी असेल तर मजा ना.

२४ फेब्रुवारी

कामावर, वेअरहाउसला, सोबतच्या डेव्हच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या. कोणी हसलं नाही. सुपरवायझर म्हणतो, "हेल्थ अँड सेफ्टी, मेट." इकडे खोडी काढली की मीटिंग घेतात!

येताना पबमध्ये बसलो. एकटाच. बाजूच्या टेबलाने खुर्ची मागितली, मला वाटलं बोलावतायत. खुर्चीच हवी होती त्यांना.

जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये एक पुस्तक मिळालं — घरी बिअर बनवायचं. डोक्यात एकदम ट्यूब पेटली. बिअर बनवली तर माणसं येतील! फुकटची बिअर कोण सोडतो? एक जण आला तरी चालेल मला.

२६ फेब्रुवारी, रविवार

आज घाणा काढला. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. दुकानातून भरडूनच आणले. पुस्तकातलं इंग्लिश जड आहे, आणि मी दहावीला दोनदा गटांगळ्या खाल्लेला प्राणी. चित्रं बघून काम केलं. माल्ट गरम पाण्यात ठेवा म्हणे. गरम म्हणजे उकळायचंच ना! दणकून उकळलं, चहा उकळतो तसं. झाली लापशी! आंटीच्या फडक्यातून पिळून काढली. पुढचं सगळं केलं — हॉप्सची कडू फुलं, यीस्ट, काचेची बरणी, बुचात पाण्याची नळी. आता नळीतून बुडबुडे यायला पाहिजेत.

२ मार्च

बरणी मुकी. या घरात सगळे सारखेच!

३ मार्च, शुक्रवार

आंटी संध्याकाळच्या शब्बाथच्या प्रार्थनेचं शरबत करत होती. आपल्या ठाण्याच्या ज्यू लोकांत वाइनच्या जागी हेच चालतं — काळ्या मनुका कोमट पाण्यात भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या. एकटीसाठी करते दर शुक्रवारी. मी म्हटलं, किटली उकळून ओत की, पटकन होईल. तर म्हणते, "नेव्हर बॉइल इट, डार्लिंग. यू किल इट."

मग फडकं शोधायला लागली. सिंकखाली सापडलं — माझी लापशी सुकून कडक झालेलं! शरबताचं फडकं! माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता! आता ओरडणार! मी तयारच होतो... तिने ड्रॉवरमधून दुसरं काढलं. संपलं.

वर येऊन पुस्तक नीट वाचलं. छापलंय सरळ — सहासष्ट-सदुसष्ट डिग्री, तासभर. उकळलं की जवातलं जे काय पिठाची साखर करतं ते मरतं. साखर नाही तर यीस्ट खाणार काय, माती? साला, चहाच्या सवयीने घात केला.

१२ मार्च, रविवार

परत एकदा. थर्मामीटर आणला. स्वतःचं फडकं पण आणलं. पातेलं माझ्या ड्युव्हेमध्ये, म्हणजे इकडच्या रजईत, गुंडाळून तासभर तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन बसलो. झाकण काढून चमचाभर चाखलं — गोड!! गाळलं, वरून गरम पाणी ओतून उरलासुरला गोडवा पण धुऊन घेतला. आणि मग उकळलं, हॉप्स टाकून. उकळायचं असतंच, पण नंतर! घरभर कडू वास. आंटीने फक्त खिडक्या उघडल्या. सिंकमध्ये गार केलं, बरणीत भरलं, यीस्ट टाकलं.

१३ मार्च

गुडुक!!!

१८ मार्च

कामावरून आलो की किचनमध्ये बरणीपाशी बसतो. मी बोलतो, ती गुडुक करते. डेव्हची नक्कल केली — गुडुक. आईचा फोन नाही आला — गुडुक. म्हातारीच्या पंजाबी ड्रेसची टिंगल केली — दोनदा गुडुक! इतकं मराठी मी इकडे आल्यापासून बोललो नव्हतो.

एक बघितलंय. मी बोलायला लागलो की पुढच्या खोलीतला आंटीचा रेडिओ बंद होतो. दरवेळी. डोकं उठत असेल माझ्या बडबडीने. म्हणून आज हळू बोललो. तर दारात येऊन उभी! "आर यू इल, डियर? यू आर व्हेरी क्वायट." काय पाहिजे काय हिला?

२६ मार्च

बरणी गप्प झाली. म्हणजे बिअर झाली. खटक्याच्या बुचाच्या बाटल्यांत भरली, प्रत्येकीत चिमूटभर साखर, फेस यायला. आता थांबायचं. किचनमध्ये बसलो होतो थोडा वेळ. बोलायला काही नव्हतं. पुढच्या खोलीत रेडिओ चालू होता.

९ एप्रिल, रविवार

बोंब! बुधवारपासून आपला पेसाहचा सण, आठ दिवस आंबवलेलं धान्य बंद. आंटीने कपाटं रिकामी केली, पावाचा चुरा न् चुरा झाडला. मग बाटल्यांवर बोट ठेवलं, "बार्ली. आउट." आंबवलेले जव म्हटल्यावर पाव काय नि बिअर काय, सारखंच. पेसाहमध्ये घरात नको, मालकीची पण नको. ठाण्याला जुनी माणसं या सणाला अनाशी ढाकायचा सण म्हणतात — आंबटाची बरणी झाकून ठेवायचा. माझी अनाशी बरी सापडली!

समोर मिलिंद राहतो, पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्याला एक पौंडाला विकल्या.

"म्हणजे या माझ्या?"

"हो. सणापुरत्या."

"लीगली माझ्या?"

"हो रे बाबा."

"मग परत कशाला द्यायच्या?"

असा माणूस. तरी म्हटलं, तेवीसला ये, एकत्र उघडू. म्हणाला, "बघतो." पुणेकराचं बघतो म्हणजे काय ते माहितीय मला.

२३ एप्रिल, रविवार

काल मी शिफ्टला असताना मिलिंदने पौंड परत घेऊन बाटल्या आंटीकडे दिल्या. स्वतः येत नाही, ऑफिसचं काम आहे म्हणे. वेअरहाउसच्या चौघांना बोलावलं होतं. "डेफिनेटली, मेट!" डेव्ह तर म्हणाला, दोन मित्र पण आणतो. दुपारपासून चिवडा काढून बसलोय. कोणी नाही. दोनदा गेट वाजलं — दोन्ही वेळा वारा.

आंटी समोर बसलीय. चांगला कार्डिगन घातलाय. दोन ग्लास पुसून ठेवलेत. "जस्ट अस, देन," म्हणते. रडू येतंय साला, आणि हिच्यासमोर नाही रडायचं मला. बाटली तिनेच आणून हातात दिली. उघडतो.

२३ एप्रिल, जरा वेळाने

फस्स नाही. फेस नाही. घोट घेतला — शरबत! काळ्या मनुकांचं!! म्हातारीने बाटली बदलली!

ती अगदी सरळ चेहऱ्याने, "काय रे मेल्या, परत उकळलंस वाटतं?"

मराठीत!

"आणि दात माझे स्वतःचे आहेत. हसले म्हणून पडणार नाहीत." आणि हसली. खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

खुर्चीमागून खरी बाटली काढली. "सण झाला. उघड तुझी अनाशी."

मी म्हटलं, आंटी, तुम्ही बोलला का नाहीत इतके दिवस?

"बोलले असते तर तू त्या बरणीशी बोलायचा थांबला असतास. मग मी काय ऐकायचं? रेडिओ?"