दहा अंशांच्या आत

सोमवार, ३ नोव्हेंबर

चिकटला! पाणी झटकणारा लेप दिलेल्या कापडावर थेंब मण्यासारखा गोल, स्पर्शकोन एकशे एक्कावन्न अंश — आणि कापड चाळीस अंशांनी कललं तरी जागचा हलत नाही. उलटं धरलं. लटकून राहिला.

गोल असून उपयोग नाही. दहा अंशांच्या आत तो घरंगळला पाहिजे, तरच रेनकोटवरून पाणी निघून जाईल.

राघवेंद्र सर म्हणाले, "नोडम्मा, बघ गं, चौदाला आढावा. थेंब घसरला नाही तर हे काम बंद."

माझं टेबल आधी हर्षिताचं होतं. दोन वर्षांपूर्वी तिचं हेच काम असंच बंद पडलं, पाठोपाठ नोकरीही गेली. मी तिला पाहिलेलं नाही. तिची वही खालच्या खणात आहे. उघडली नाही. फसलेलं वाचून काय करायचं?

बुधवार, ५

लेप पातळ केला. चिकटला. दोन हात दिले. चिकटला.

शुक्रवार, ७

कडकोळच्या प्रयोगशाळेतून परतताना कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मधुमितानं विचारलं, "चेहरा का असा?" म्हटलं, "असाच असतो." खोटं नाही.

रविवार, ९

दोड्डप्पा जेवायला आले — बाबांचे मोठे भाऊ, तिरुमलराव. आमच्या घराण्यात कापड रंगवणारे ते शेवटचे. माझे नमुने पाहत होते. एक कोरा तुकडा — धुतलेला, लेप न दिलेला — उचलला आणि कोपरा सरळ जिभेला लावला. मी ओरडलेच!

"कडू आहे गं. साबण आहे अजून."

"तीन पाण्यांतून काढलाय. पीएच सात आहे."

"तुझं सात ठेव तुझ्याकडे. आमच्यात जीभ लावल्याशिवाय ठाण रंगात जात नव्हतं. सोळा वर्षांचा असताना एकदा मी विसरलो. अख्खं ठाण डागाळलं. अप्पांनी, तुझ्या आजोबांनी, मला त्याचीच लुंगी नेसवली. आठ दिवस!"

बाबा म्हणाले, "अय्यो, म्हणून दुकानातून बाहेर येत नव्हतास होय तू!"

दोघं खूप हसले. मी नाही. आम्ही वापरतो तो साबण उदासीन आहे. पीएचमध्ये दिसणारच नाही. धाग्यात राहिला तर थेंबाखालचं पाणी आत ओढणार, थेंबाचा पाय धरून ठेवणार. मला हे माहीत होतं. कापड स्वच्छ आहे असं मी धरून चालले होते. आठ महिने!

सोमवार, १०

सात पाणी. शेवटची दोन कढत. मग प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं, इकडेतिकडे पाहिलं, जीभ लावली.

काहीच चव नाही.

लेप दिला. रात्रभर वाळू दे.

मंगळवार, ११

सात अंश!!!

तीस थेंब मोजले. तीसच्या तीस घसरले. एक तर थांबायचं नावच घेईना, टेबलावरून खाली गेला. मी एकटीच होते म्हणून टाळी वाजवली.

शुक्रवार, १४

आढावा. मी बोलायच्या आधीच राघवेंद्र सरांनी कापडावर लोटाभर पाणी ओतलं. सगळं पाणी त्यांच्या बुटांत! कापड कोरडं. काम चालू राहणार — वर्षभर, थेंब टिपायच्या नव्या कॅमेऱ्यासकट.

"धुलाई पुरेशी झाली हे कसं ठरवलं?"

"चवीनं."

सर म्हणाले, "अहवालात दुसरं काहीतरी लिही, प्लीज."

दोड्डप्पांना फोन केला. "एक साधी जीभ, आणि तुला एवढं शिकावं लागलं!" म्हणाले.

सोमवार, १७

आज खालचा खण उघडला. हर्षिताची वही. नीटस अक्षर, प्रत्येक आकड्यापुढे तारीख. पान एकतीस: "तीन पाणी. पीएच सात. स्वच्छ."

तिच्या कृतीनं लेप तयार केला. माझ्या कापडावर दिला.

मंगळवार, १८

चार अंश. माझा सात, तिचा चार.

राघवेंद्र सरांना दोन्ही आकडे दाखवले, मग तिचा नंबर मागितला. लगेच फोन लावला. ती म्हणाली, "हॅलो, कोण?" मी म्हटलं, "मी तुमच्या टेबलावर बसते. तुमचा लेप बरोबर होता."