आत्याच्या वाटणीचा रोट

प्रिय ममता,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी पेन हातात घेतलं. अक्षराला हसू नकोस, शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचीस. इकडे शेतातली पपई बरी आहे. मायचे गुडघे कुरकुरतात, तरी तुझ्या पोरीसाठी तिने दोन झबली शिवलीत. दोन्ही इतकी ऐसपैस की पोरगी पहिलीत जाताना घालेल.

गोपालराव दाजींनी मला सगळं सांगितलं. बाळंतपणापासून तुला झोप नाही, पोरीला जवळ घ्यायची भीती वाटते, भिंतीकडे तोंड करून पडून असतेस. डॉक्टरांचं नाव काढलं की एकच म्हणतेस, गजराआत्यासारखं मला तिथे टाकू नका.

म्हणून परवा मोटरसायकल काढली आणि ‘तिथे’ जाऊन आलो. तोरणमाळच्या पायथ्याचा तो वेड्यांचा दवाखाना, ज्याची भीती घालून माय आपल्याला जेवायला बसवायची. बंद पडून कितीतरी वर्षं झाली. फाटक कुणीतरी भंगारात विकलंय, आवारात घाणेरीची झुडपं माजलीत. बायकांच्या खोलीत शेळ्या बसल्या होत्या आणि माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मीच नवा पेशंट. पण खिडक्यांचे गज पाहिले, भिंतीतल्या लोखंडी कड्या पाहिल्या. खोटं कशाला सांगू? आपण ऐकलेलं सगळंच काही थापा नव्हत्या.

मागच्या अंगाला रूपलीबाई नावाची म्हातारी राहते. ती तिथे स्वयंपाकाला होती. मी गजराबाईचा भाचा म्हणताच तिने विचारलं, रोटवाल्याचा मुलगा का तू? मला काहीच कळेना. मग तिने बसवून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं.

आपले आप्पा दर श्रावणात कानबाईच्या सणाला देवीच्या प्रसादाचा रोट डब्यात बांधून आत्याकडे जायचे. कानबाईचा रोट भाऊबंदांबाहेर कुणाच्या तोंडी जाऊ द्यायचा नाही, हा आपल्याकडचा नियम किती कडक, तुला ठाऊकच आहे. पण आत्यापुढे डबा उघडला की खोलीतल्या साऱ्या बाया हात पुढे करायच्या, आणि त्यांना दिल्याशिवाय आत्या घास घेईना. पहिल्या खेपेला आप्पा गांगरले म्हणे. मग सगळ्यांच्या हातावर तुकडा ठेवत म्हणाले, “ल्या माय, तुम्हीबी आमना भाऊबंदच.” हे गावात कळलं आणि काकांनी आपल्याशी बोलणं टाकलं. आणि आपण समजत होतो, बांधावरून भांडण! आप्पांनी शेवटपर्यंत तोंडातून अवाक्षर काढलं नाही. असा बाप आपल्याला मिळाला, ममे.

आत्या तिथेच तापाने गेली, ते मी लपवत नाही. पण तिला टाकलं नव्हतं गं. शेवटच्या दिवसांत आप्पा तिच्या खाटेशेजारी जमिनीवर पथारी टाकून राहिले होते. रूपलीबाई त्यांनाही भाकर वाढायची.

तर आता कामाचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. येत्या रविवारी कानबाई बसतेय. लग्न झालेल्या मुलीला माहेरच्या रोटात वाटा नसतो, माहीत आहे मला. पण बापाने मोडलेला नियम मुलाने कशाला सांधायचा? तुझ्या वाटणीचा रोट घेऊन मी तुझ्या सासरी खापरला येतोय. काकांना काय बोलायचं ते बोलू दे. सोमवारी तू, मी आणि पोरगी नंदुरबारला डॉक्टरांकडे जायचं. मी आधीच बघून आलोय. साधा दवाखाना आहे, खिडक्यांना पडदे आहेत, बाहेर चहाची टपरी. औषध घेऊन संध्याकाळी घरी. आणि समजा, राहायला सांगितलंच, तर तुझ्या खाटेशेजारी माझी पथारी पडलेली असेल. मी घोरतो, तेवढं मात्र सोसून घे.

तुझाच, पोरीचा मामा,
उमाकांत