मी पोटात होते तेव्हा

प्रिय आई,

तू तैनानला परत गेल्यापासून फोनवर "बरी आहे, जेवले, झोपते" एवढंच बोलतेस, म्हणून हे पत्र. कागदावर तरी तू मला मधेच तोडणार नाहीस.

माझी साखर आता ताब्यात आहे. तुझा जावई क्वान्यू सकाळी भाताची वाटी माझ्यापुढून अर्धी उचलतो आणि स्वतःच खातो, त्यामुळे पोट त्याचंच सुटतंय. बाळ सारखं लाथा मारतं.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर ल्याओ बाईंनी मला विचारलं, "तुम्ही पोटात होता तेव्हा आईचं वजन किती होतं?" मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "नव्वद. पुढे काट्यावर उभीच राहिले नाही." मग त्यांनी समजावलं, की आईचं वजन फार असलं, रक्तात साखर-चरबी जास्त असली, तर पोटातलं बाळ त्या भरपूर पुरवठ्याला सरावतं आणि मोठेपणी त्याला मधुमेह, लठ्ठपणा व्हायची शक्यता वाढते. तू पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसलीस. पुढचं तुझ्या कानावर गेलंच नाही. त्या म्हणाल्या होत्या, "शक्यता वाढते, एवढंच. सगळं तिथेच ठरून जात नाही. बाकीचं पुढच्या खाण्यापिण्यावर, चालण्याफिरण्यावर, आणखी कितीतरी गोष्टींवर असतं." दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग भरलीस.

खरं सांगू? त्या रात्री मला तुझा राग आला होता. लहानपणापासून वर्गात मीच जाड, शर्टाची बटणं माझीच तुटायची, आणि आता हेही. पण राग धरायचा तर कुणावर? तू मला पोटात घेऊन हिंडत होतीस तेव्हा आजी तुझ्या वाटीत डुकराच्या पायाचं कालवण ओतत राहायची. "दोन जिवांची आहेस, खा. सून जाड दिसली की गल्लीला कळतं, या घरात भात शिजतो." नाही म्हणायची तुझी काय छाती होती? आणि आजीला तरी काय बोलायचं? तिचं बालपण युद्धात गेलं, वाळवलेल्या रताळ्यांवर. जाड माणूस म्हणजे वाचलेलं माणूस, हेच तिला ठाऊक.

शाळेतली मुलांच्या आयांची शर्यत आठवते? मी तुला हात जोडून सांगितलं होतं, येऊ नकोस. तू आलीस, चपला काढून धावलीस. मागून पोरं ओरडली, "पेईशानची आई आली, मैदान हलेल, धरा!" तू शेवटची आलीस आणि हसत हसत माझ्या शेजारी बसून म्हणालीस, "बघ, धावले ना?" मी तोंड फिरवून बसले. तेव्हा लाज वाटली होती. आता त्या मैदानावर उतरायला काय लागलं असेल, ते कळतं.

काल मावशीचा फोन आला. तिच्याकडून समजलं, की बाळंतपणानंतरच्या महिन्यासाठी तू माझ्याकडे दुसरी बाई ठरवून दिलीस. "माझ्या हातचं त्या पोरीला नको, एकदा खाऊ घातलं तेवढं पुरे," असं म्हणालीस म्हणे. आई, मी त्या बाईला नको म्हणून कळवलंय. मला मुलगी होणार आहे, आणि तिला पहिल्यांदा मांडीवर घेताना मला तूच जवळ हवी आहेस. बाळंतिणीची ती तिळाच्या तेलातली कोंबडी तूच कर, तेल कमी घाल. संध्याकाळी बाळाला क्वान्यूकडे देऊन आपण दोघी नदीवर चालायला जाऊ, हळूहळू. आणि तुझी साखर कधी तपासलीच नाहीस, ती इथे तपासू. शनिवारच्या गाडीचं तिकीट मावशीकडे पाठवलंय. आली नाहीस तर हे एवढं पोट घेऊन मी चार तास गाडीत बसेन आणि दारात येऊन उभी राहीन. मग मला ओरडायचं नाही.

तुझीच,
पेईशान