शेजारी कोण हवे

नंदनवन, नागपूर
११ फेब्रुवारी १९७९

प्रिय गोपिका,

तुझं कार्ड येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला ते या पत्रातच येईल, पण पहिल्या ओळीत ते लिहायला हात धजत नाही. थोडं सांभाळून घे.

तू आमचं हे नवं घर पाहिलेलं नाहीस. तिसरा मजला, दोन खोल्या, पूर्वेला मोठी खिडकी, घरातच नळ. आपली वस्ती उठणार आणि सगळ्यांना गाळे मिळणार हे कळलं, तेव्हा गल्लीत सर्वांत जास्त आनंद मला झाला होता. आठवतं? ओट्यावर बसून मी लोकांचे अर्ज भरायची आणि प्रत्येकाला सांगायची की घरात उजेड आला, हवा आली, की माणसाचं मनही मोकळं होतं. रामाजीकाका चिडवायचे, पोरगी बी.ए. व्हायच्या आधीच भाषण देऊन राहिली. मला राग यायचा नाही. माझा त्यावर खरंच विश्वास होता. परीक्षेतही मी तेच लिहिलं.

आता त्या खिडकीचं ऐक. वारा आला की आईच्या सुपातली तंबाखू उडते. भिजवलेली तेंदूची पानं हातातच वाळून तडकतात. म्हणून आई खिडकी लावून घेते. मी शाळेत शिकवून दुपारी परत येते, तेव्हा ती बंद खिडकीखाली भिंतीकडे तोंड करून बिड्या वळत असते. जुन्या घरात उजेड नव्हता, पण ओट्यावर तुझी आई, माझी तुळसामावशी, पानं कापायची आणि माझी आई वळायची. हातांच्या दुप्पट तोंडं चालायची. मावशीची कात्री थांबली की आई विचारायची, आता कोणाची आठवण झाली? इथे कापते तीच आणि वळते तीच.

पहिल्या महिन्यात ती सूप घेऊन खाली जिन्याजवळ जाऊन बसायची. तळमजल्यावरच्या ताराचंदजींनी सांगितलं, बाई, जिना येण्याजाण्यासाठी आहे. सभ्यपणेच सांगितलं त्यांनी. ती उठून वर आली आणि पुन्हा खाली गेलीच नाही. मग हळूहळू बोलणं आटलं. दारं इथेही समोरासमोर आहेत, पण लावलेली. गल्लीत नळावरच्या भांडणावरून, दळणाला निघालेल्या बायांवरून तिला दिवस कळायचा. इथे ती मला पुन्हा पुन्हा विचारते, किती वाजले, आणि उत्तर ऐकत नाही. डॉक्टरांनी तपासलं. रोग काही नाही म्हणाले, ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, घर हवेशीर आहे ना? मी हो म्हटलं.

गोपिका, त्या अर्जात शेवटी एक रकाना होता, 'शेजारी कोण हवे'. दोन घरांनी एकमेकांचं नाव लिहिलं तर लागून गाळे मिळणार होते. तू तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होतीस. पोर मांडीवर घेऊन तू मावशीचा अर्ज भरलास आणि त्या रकान्यात तुझ्या मोठ्या, गोल अक्षरात माझ्या आईचं नाव लिहिलंस, रुखमाबाई. मी पाहत होते. माझ्या आईनंही मला सांगितलं होतं, तुळसाचं नाव टाक. मी तो रकाना कोरा सोडला.

मला वाटलं होतं, शेजारी मावशी नसली की ही बैठक मोडेल आणि बिड्या सुटतील. आईच्या छातीत ती तंबाखूची धूळ जाणार नाही. मी नोकरी करीन, ती निवांत बसेल. हे सगळं तिच्या भल्याचं. पण मला अभ्यासाला शांतताही हवी होती, आणि कॉलेजच्या मैत्रिणी घरी येतील तेव्हा दाराशी सुपं नको होती. हे दुसरं मी आजवर स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

मावशीला चार इमारती पलीकडे गाळा मिळाला. गाळे वाटणाऱ्या कचेरीत तिला काय सांगितलं गेलं कोण जाणे, पण सामान हलवायच्या दिवशी ती आमच्याकडे आली नाही. आईही गेली नाही. आई समजली, तुळसानंच आपलं नाव टाकलं नाही. दोघी सारख्याच हट्टी. दोन महिन्यांत मावशी भिवापूरला तुझ्याकडे निघून गेली आणि मी गप्प राहिले. वाटायचं, जरा स्थिरस्थावर होऊ दे, मग सांगीन.

तुझं कार्ड पोस्टमननं आईच्या हातात दिलं. आईला वाचता येत नाही, पण कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मरणाची बातमी, हे तिला कळतं. आणि कार्डाच्या कडेला तुझं ते मोठं, गोल अक्षर. चार दिवस तिनं ते पानांच्या फडक्याखाली ठेवलं, मला दाखवलं नाही. वाचलं नव्हतं तोवर तिची तुळसा होती. पाचव्या दिवशी कार्ड माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "वाच शामे. माह्यं नाव काहून नाही टाकलं, ते सांगतलं असन न तिनं जाता जाता."

कार्डावर तीनच ओळी होत्या. त्या वाचल्या. मग त्या रकान्याचं सांगितलं, सगळं, मैत्रिणींचं आणि सुपांचंही. आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मंग मी टाक म्हटलं होतं, हे तुळसाले मालूम होतं का?" तेव्हापासून रोज हेच विचारते. वेळ विचारायची थांबली आहे. म्हणून हे पत्र. मावशी तुझ्यापाशी कधी बोलली का? माझ्या आईबद्दल मनात काय घेऊन ती गेली? आधी मी लिहिलं होतं की, मावशीला सगळं ठाऊक होतं असं लिही, म्हणजे आईला वाचून दाखवता येईल. ती ओळ मी खोडली. जे होतं तेच लिही, गोपिका, कितीही कडू असलं तरी. दोन दिवसांपासून आई खिडकी उघडी ठेवते आणि रस्त्याकडे पोस्टमनची वाट पाहते. पत्र आलं की मी तिला सगळं वाचून दाखवीन, एकही ओळ न गाळता.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझीच,
शामला