प्लस बॉडीला

बाबा,

चिठ्ठी मुद्दाम तुमच्या पान्यांच्या डब्यात ठेवलीय, दादा इथे कधी हात घालत नाही. मी कामावर जातेय, सातपर्यंत येते.

तुमच्या मोटरसायकलचे इग्निशनचे जुने पॉइंट्स काढून नवीन इलेक्ट्रॉनिक बॉक्स बसवला. टायमिंगही झालं. दादाने तोंड वाकडं करत रेस धरली, मी टायमिंगचा लाइट मारून चाकावरची खूण रेषेवर आणली. आता पहिल्या किकला उठते. पॉइंट्स जपून ठेवलेत, ओरडू नका.

मागच्या महिन्यात तुम्ही बसवलेला पहिला बॉक्स जळला तेव्हा तुम्ही दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केलात. बॉक्स चांगला होता, बाबा. बॅटरीच्या वायरी उलट लागल्या होत्या. या गाडीत प्लस बॉडीला जातो, सगळ्या जगाच्या उलट. मी दहा वर्षांची असताना तुम्हीच टपल्या मारून हे माझ्या डोक्यात बसवलंत.

दादाला यातलं काही बोलले नाही. तो आधीच गाडी विकायचं म्हणतोय, त्याच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं? गाडी कुठे जात नाही. मी बघते कोण विकतो ते.

बॅटरीवर पांढरी पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'प्लस बॉडीला'. ते माझ्यासाठी आहे. मी हल्ली फार विसरते.

स्वयंपाकघरात गॅसच्या बटणाशेजारीही एक पट्टी दिसेल, 'बंद केला का?' तीसुद्धा माझ्यासाठीच. काढू नका.

धाकटी